गोठीव कप्प्यातली कवळी

माणसाची संस्कृती ओळखायची ती तो काय जपून ठेवतो यावरून, असं विचारवंत म्हणतात आणि सभागृहात लोक माना डोलावतात. विचारवंतांना जपून ठेवायच्या जागेचं भाडं भरावं लागत नसावं. वहिनींच्या लॅबला भरावं लागत होतं. त्यामुळे तिथे संस्कृतीचा प्रश्न दर महिन्याला बिल आलं की निघायचा आणि चहा येईपर्यंत मिटायचा.

लॅब दातांची होती. दात काढण्याची किंवा भरण्याची नव्हे, ते डॉक्टरांचं काम. डॉक्टर मापं पाठवत आणि इथून कवळ्या तयार होऊन जात. तळमजल्यावर ओळीने तीन खोल्या. पहिलीत मेणाचा वास, दुसरीत कवळीच्या गुलाबी प्लास्टिकचा नाकात जाऊन बसणारा वास, आणि तिसरीत पॉलिशचं यंत्र. ते सुरू झालं की फोनवरच्या माणसाला वाटायचं आपण चुकून विमानतळावर फोन लावला. टेबलांवर प्लास्टरचे जबडे आ वासून बसलेले असत. नवीन कोणीही आत आला की बोलण्याआधी त्याची जीभ गुपचूप स्वतःच्या दातांवरून एक चक्कर मारून यायची.

वहिनी या लॅबच्या मालकीण. खरं तर त्या एकट्या भावजींच्या वहिनी. पण भावजी दिवसभर इतक्या वेळा ‘वहिनी, वहिनी’ करत की डॉक्टर, कुरियरवाला आणि घरमालक यांनीही तेच नाव उचललं. त्यांचे यजमान जहाजावर इंजिनिअर होते. वर्षातून दोनदा घरी येत आणि पाहुण्यासारखे नीट वागत.

भावजी कॉम्प्युटरवाले. आधी एका विमा कंपनीत होते. कंपनीने पुनर्रचना केली, तीत भावजींची खुर्ची राहिली, भावजी राहिले नाहीत. ‘दुसरं काही मिळेपर्यंत’ म्हणून ते लॅबमध्ये आले. आता इथे त्यांचा स्वतःचा कप होता, छत्रीसाठी स्वतःचा खिळा होता आणि दुसरं काही मिळण्याविषयी कोणी चौकशीही करत नव्हतं.

वहिनींचा एक नियम होता: आपण केलेलं काम टाकायचं नाही. प्रत्येक कवळीचा साचा मागच्या खोलीत फळीवर ठेवला जायचा. फळ्या वाकल्या तेव्हा खाली विटा लावल्या. विटाही खचू लागल्या तेव्हा घरमालकाने खोली परत मागितली. मग भावजींनी स्कॅनर आणवला, सगळे जबडे एकेक करून स्कॅन केले आणि क्लाउडवर चढवले. मागची खोली रिकामी झाली त्या दिवशी सगळ्यांना वाटलं, जागेचा प्रश्न सुटला. जागेचा प्रश्न सुटत नसतो. त्याचा पत्ता बदलतो.

नव्या पत्त्यावरून बिलं येऊ लागली. दर महिन्याला थोडं वाढीव.

“वहिनी, आपण सगळ्या गावाचे दात ओट्यावर ठेवलेत,” एक दिवस भावजी म्हणाले.

“कुठल्या ओट्यावर?” चिमट्यातला दात मेणात बसवत वहिनी म्हणाल्या. मान वर केली नाही. “सकाळीच पुसून घेतलाय मी.”

“उदाहरण देतोय हो. घरात बघा, रोजचं तेल-मीठ ओट्यावर असतं. महिन्यातून एकदा लागणारं कपाटात. वर्षातून एकदा लागणारं माळ्यावर. क्लाउडचंही तसंच आहे. वरचा कप्पा गरम, हाक मारली की फाइल हजर, पण भाडं चढं. त्याखाली कोमट, मग गार. आणि सगळ्यात खाली गोठीव. त्याचं भाडं म्हणजे, वहिनी, न दिल्यासारखंच.”

“मग सगळंच तिथे का नाही ठेवत?”

“तिथली वस्तू लगेच मिळत नाही. आधी मागणी नोंदवायची, मग ते वितळवून देतात. त्याला अर्धा दिवस लागतो. घाई नसेल तर आणखी स्वस्तातला मार्ग आहे, दोन दिवसांचा.”

“दोन दिवस? आकाशातून पायी येते का?”

तिसऱ्या खोलीतून यंत्र थांबल्याचा आवाज आला. पॉलिशवाल्यांचं यंत्र नेमकं चर्चा रंगली की थांबायचं. ते वयाने दोघांहून मोठे, तोंडावर कायम मास्क, त्यामुळे टोमणा त्यांनीच मारला हे पुराव्यानिशी सिद्ध करता येत नसे.

“मागणार कोण पण?” मास्क म्हणाला. “ज्याला इतक्या वर्षांत कवळीची आठवण झाली नाही, तो एक तर सुखात आहे, नाही तर कवळीसकट गेलाय.”

“तेच म्हणतोय मी!” भावजींना एवढा पाठिंबा विमा कंपनीत कधी मिळाला नव्हता. “आपण नियम लावून देऊ. सलग दोन वर्षं ज्या फाइलला हात लागला नाही, ती आपोआप खाली. आणि सुट्या फाइलींवर ते वेगळी आकारणी करतात, म्हणून एकेका वर्षाचं एकेक गाठोडं बांधायचं.”

वहिनींनी मेणाची सुरी दिव्यावर धरली. त्यांना कुठलीही गोष्ट पटली की त्या सुरी तापवत, आणि पटली नाही तरीही. “टाकणार नाही ना काही?”

“एक दातही नाही.”

“मग करा काय ते.”

भावजींनी केलं. आठवडाभर ते कॉम्प्युटरसमोर बसून गाठोडी बांधत होते आणि मधूनच ‘गेलं, अमुक साल गेलं’ असं पुटपुटत होते. पुढच्या महिन्यात बिल निम्म्याहून खाली आलं. ते त्यांनी छापून घेतलं आणि कॅलेंडरशेजारी भिंतीला चिकटवलं. येणारेजाणारे डॉक्टर ते बघून ‘वा’ म्हणत, कारण भिंतीवर लावलेल्या गोष्टीला वा म्हणायची पद्धत असते.

त्यानंतर एका गुरुवारी सकाळी मामा आले.

मामा म्हणजे वहिनींचे सख्खे मामा. सबंध नोकरी रेडिओवर निवेदक म्हणून केलेली. शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटे राहत. आवाज असा की त्यांनी दूधवाल्याला ‘उद्या एक पिशवी जास्त’ म्हटलं तरी दूधवाला पुढच्या बातमीसाठी थांबून राहायचा. निवृत्तीनंतर मामांचे दात गेले. एका डॉक्टरांनी कवळी बसवली आणि ‘स’ म्हटलं की मामांच्या तोंडून शिट्टी येऊ लागली. दुसऱ्या कुणाला ती कौतुकाने मिरवता आली असती. मामांनी फोन घेणं बंद केलं. सख्ख्या बहिणीच्या वाढदिवसाला मेसेज पाठवला. लोक म्हणाले, मामा म्हातारपणी शहाणे झाले, कमी बोलतात. ते शहाणपण नव्हतं हे एकट्या वहिनींना कळलं.

मग जवळजवळ अर्धं वर्ष, दर रविवारी, मामा लॅबमधल्या स्टुलावर बसून वर्तमानपत्र मोठ्याने वाचत आणि वहिनी कवळीचं टाळूकडचं, समोरच्या दातांमागचं प्लास्टिक केसाकेसाने घासत, कधी भर घालत, पुन्हा घासत. शेवटी एका रविवारी मामांनी अख्खं हवामानवृत्त वाचून काढलं आणि कुठे शिट्टी वाजली नाही. वहिनींनी तीच कवळी त्यांच्या हातून काढून घेतली, दर रविवारसारखाच तिचाही साचा घेऊन फळीवर ठेवला आणि ती परत दिली. आपल्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम कुठलं, असं कुणी विचारलं असतं तर त्यांनी हेच सांगितलं असतं. कुणी विचारलं नाही. कवळीही त्यानंतर कधी दुरुस्तीला आली नाही.

त्या गुरुवारी मामांनी टेबलावर रुमाल सोडला. आत गुलाबी तुकडे होते.

“अगं बाई! हे कसं झालं?”

“बशलो,” मामा म्हणाले.

“कशावर?”

“डबीवर.”

मामांची अंगकाठी भरदार होती. डबीचं काय झालं ते विचारायची गरज नव्हती. वहिनींनी तुकडे जुळवून पाहिले. टाळूचा भाग, नेमका तोच, चुरा होऊन गेला होता.

मामा स्टुलावर बसले आणि हळूहळू, एकेक शब्द निवडून सांगू लागले. रेडिओचं केंद्र नव्या इमारतीत जाणार होतं. शनिवारी दुपारी चार वाजता जुन्या इमारतीतून शेवटची सभा, म्हणजे शेवटचं प्रसारण. जुन्या निवेदकांना बोलावलं होतं आणि समारोपाची घोषणा मामांनी करायची होती, जशी ते वर्षानुवर्षं करत आले. तिथल्या पोरांनी सुचवलं होतं की आधी रेकॉर्ड करून ठेवू, आजोबा, तुम्हाला त्रास नको. मामांनी निक्षून नाही म्हटलं होतं. घोषणा थेट.

“नाही जमणार, तर आत्ताच कळवतो,” मामा म्हणाले. म्हणजे म्हणाले थोडं वेगळं, पण अर्थ तोच होता.

“काही कळवायचं नाही,” वहिनी म्हणाल्या. आवाजात कित्येक दिवसांत नव्हती एवढी ऐट होती. “तुमच्या कवळीची फाइल आहे आपल्याकडे. तशीच्या तशी नवी काढून देते, उद्या संध्याकाळपर्यंत. भावजी, मामांची फाइल काढा.”

भावजी उठले नाहीत. त्यांनी आधी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

“वहिनी, मामांची कवळी... कधीची?”

“आठ-नऊ वर्षं झाली असतील.”

“मधे कधी आली होती दुरुस्तीला?”

“एकदाही नाही!” वहिनी अभिमानाने म्हणाल्या आणि म्हणता म्हणताच थांबल्या. “खाली आहे?”

“सगळ्यात खाली.”

यंत्र थांबलं.

“अर्धा दिवस लागतो म्हणालात ना? मग आत्ता मागवली तर रात्रीपर्यंत मिळेल. उद्याचा दिवस आहे. घाबरायचं काय त्यात? मागवा.”

भावजींनी मागवली. हे सगळं पडद्यावर चार बटणांत होतं. मामांचे दात एकटे येणार नव्हते, त्या वर्षी ज्यांनी ज्यांनी कवळी घेतली त्या सगळ्यांचं गाठोडंच वितळवावं लागणार होतं. पण त्याला इलाज नव्हता. भावजींनी बटणं दाबली, ‘आपली विनंती स्वीकारली आहे’ असं उत्तर आलं, आणि ते चहा ओतून घ्यायला उठले. कप तोंडाशी नेला आणि तसाच खाली ठेवला.

“वहिनी.”

“काय?”

“तिथे दोन पर्याय असतात. साधा आणि काटकसरीचा.”

वहिनींनी सुरी खाली ठेवली. “भावजी, सांगू नका.”

“हात सवयीने गेला हो. हल्ली कुठेही दोन पर्याय दिसले की मी स्वस्तच दाबतो. परवा लिफ्टमध्येही मी...”

“बदला मग!”

“एकदा स्वीकारली की बदलता येत नाही. नवीन मागणीही घेत नाही, म्हणतो, एक चालू आहे.”

“किती वाचले?”

भावजींनी मनातल्या मनात हिशेब केला. “एका चहाचे.”

“साखरेचा की बिनसाखरेचा?” तिसऱ्या खोलीतून विचारणा झाली.

दोन दिवस म्हणजे शनिवार सकाळ. तीही ‘दोन दिवसांपर्यंत’ या शब्दावर विश्वास ठेवला तर. वहिनी विश्वास ठेवणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी मामांना हाताला धरून कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं, हिरड्यांचं ताजं माप घेतलं आणि मेण लावायला बसल्या. त्या दिवशी दुसऱ्या कुठल्या कामाला हात लागला नाही. फोन आले तेव्हा भावजींनी सगळ्या डॉक्टरांना सांगितलं की यंत्रात बिघाड आहे. हे खोटं नव्हतं. फक्त यंत्र कुठलं ते त्यांनी सांगितलं नाही.

शुक्रवारी दुपारी नवी कवळी तयार झाली. दिसायला सुरेख. मामांनी ती लावली, आरशात पाहिलं, स्टुलावर बसून वर्तमानपत्र उघडलं आणि घसा खाकरला.

“समुद्रसपाटीपासून...”

कुरियरवाला रस्त्यावरून जात होता. तो थबकला आणि आपल्याला कोण बोलावतंय म्हणून दारातून डोकावला.

“तुम्हाला नाही,” भावजी म्हणाले. “जा तुम्ही.”

वहिनींनी कवळी घेतली, घासली, दिली. शिट्टी बारीक झाली, पण टोकदार झाली. पुन्हा घासली. आता ‘श’ बरा निघू लागला आणि ‘स’ वाफेवर आलेल्या कुकरसारखा. सहा महिन्यांचं काम एका दुपारी होत नाही, हे वहिनींना माहीत होतं आणि त्यांच्या हातांना मान्य नव्हतं.

मामांनी कवळी काढून टेबलावर ठेवली, वर्तमानपत्राची घडी घातली आणि ती उगाचच दोनदा दाबली. पहिल्या कवळीच्या वेळी, फोन बंद केला होता त्या दिवसांत त्यांचा चेहरा असाच होता, हे वहिनींना आठवलं.

“पोरांकडे माझं जुनं रेकॉर्डिंग आहे,” मामा म्हणाले. “तेच लावा म्हणतो. चांगलं आहे ते. दात होते तेव्हाचं.”

“उद्या सकाळपर्यंत थांबा, मामा.”

“मला ताप आलाय अशं कळवतो.”

“ताप आलेला नाही तुम्हाला. आणि कळवायचा असेल तर ‘असं’ म्हणता येईपर्यंत थांबा.”

मामा हसले. बिनदाताचं हसू लपवायला त्यांनी तोंडावर हात घेतला. पण थांबेन म्हणाले.

ते गेल्यावर वहिनी भावजींच्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. भावजी पडद्याकडे बघत होते. पडद्यावर ‘वितळत आहे’ एवढंच लिहिलेलं होतं आणि एक छोटं चक्र फिरत होतं.

“भावजी, वरच्या गरम कप्प्यात आत्ता काय काय आहे?”

“ज्यांना नेहमी हात लागतो ते.”

“हात कधी लागतो? एखादी कवळी टोचली, सैल झाली, परत आली की. ते वकीलसाहेब आहेत ना, चौथ्यांदा आलेत. ते कुठे आहेत?”

“गरममध्ये.”

“आणि त्या क्लासवाल्या बाई? ज्यांचा खालचा जबडा मी दोनदा बिघडवला?”

“त्याही.”

“म्हणजे मी जे जे बिघडवलं ते तुम्ही महागड्या खोलीत आरामात ठेवलंय. आणि जे जमलं, ते तळघरात.”

भावजींनी हे असं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढला. “तसं पाहिलं तर... हो. नियम तोच निघतो.”

“चांगलाय नियम,” मास्क म्हणाला. “आमच्या सोसायटीतही तोच आहे. जो भांडतो त्याला पाणी.”

“वहिनी, मी बदलतो नियम. माझ्याच डोक्यातून...”

“आधी मामांचं बघा,” वहिनी म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या. उलट त्यांच्या चेहऱ्यावर एक वेगळंच समाधान होतं. आपलं चांगलं काम नेमकं कुठे आहे, हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदा एका ठिकाणी दाखवता आलं असतं.

शनिवारी सकाळी भावजी सगळ्यांच्या आधी लॅबमध्ये आले. वहिनी त्यांच्याही आधी आल्या होत्या. पॉलिशवाले पायरीवर बसून होते, पण त्यांनी सांगितलं की ते सहज आलेत. चक्र फिरत होतं. वहिनींनी टेबल पुसलं. परत पुसलं. घड्याळाकडे कोणी बघत नव्हतं आणि किती वाजले ते सगळ्यांना माहीत होतं. नऊ वाजून गेल्यावर चक्र थांबलं आणि त्या जागी ‘तयार आहे’ असे दोन थंड शब्द आले.

गाठोडं उतरवून घ्यायला आणखी तासभर गेला. ते सुटलं आणि पडद्यावर त्या वर्षीचे सगळे जबडे एकदम उघडले. वहिनी पुढे वाकल्या. “अय्या, ह्या बाई! ह्यांचं काय सुंदर बसलं होतं... आणि हे बुवा, ह्यांना हसताच येत नव्हतं आधी...”

“वहिनी, मामा.”

“हो, हो. मामा.”

मामांच्या नावाखाली एक फाइल नव्हती. दर रविवारची एक होती. आणि प्लास्टरकडून क्लाउडकडे जाताना भावजींनी सगळ्या एकाच दिवशी एकाच दमात जतन केल्या होत्या, त्यामुळे सगळ्यांवर तारीख तीच.

“यातली शेवटची कुठली?” वहिनींनी विचारलं.

“सगळ्याच शेवटच्या आहेत,” भावजी खोल आवाजात म्हणाले.

मग दोघं शेजारी शेजारी बसले. भावजी एकेक टाळू पडद्यावर उलटी करून फिरवत होते आणि वहिनी ‘नाही’, ‘नाही’, ‘ही तर पहिल्या महिन्यातली’, ‘नाही’ म्हणत होत्या. एका टाळूवर, समोरच्या दातांमागे, डाव्या बाजूला नखाएवढा खोलगट भाग होता. वहिनींनी पडद्यावर बोट टेकवलं. त्या रविवारी घासताना हात जरा जास्त गेला होता. त्यांना रडू यायचं बाकी होतं, आणि नेमक्या त्याच खड्ड्याने शिट्टी गिळली होती.

“हीच. काढा.”

कवळ्या घडवणारा प्रिंटर सुरू झाला. त्याच्या काळ्या झाकणामागे मामांची टाळू थराथराने वर येत होती आणि तिघं जण झाकणाकडे बघत उभे होते. खरं तर आतलं काही दिसत नाही. कवळी निघाली, धुतली, दिव्याखाली पक्की केली, दात बसवले. मग ती पॉलिशवाल्यांच्या हाती गेली. ते कवळी संपेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. लॅबमध्ये असं पूर्वी झाल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

मामा कोट घालून, दाढी करून, रिकाम्या तोंडाने तीन वाजता आले. कवळी लावली. वर्तमानपत्र सापडेना, ते घासताना पसरलेली भुकटी पुसायला वापरलं गेलं होतं. मामांनी इकडेतिकडे पाहिलं, भिंतीवरचं बिल दिसलं, आणि ते छातीत हवा भरून वाचू लागले:

“साठवण सेवा शुल्क. सर्वसाधारण साठा. सवलतीस पात्र असलेला साठा. समाविष्ट सर्व करांसह.”

कुठलंही बिल याआधी इतक्या गांभीर्याने वाचलं गेलं नसेल. आणि एकही शिट्टी नाही. रस्त्यावरून कुरियरवाला गेला, तो सरळ गेला.

“चला, चला, गाडी उभी आहे,” भावजी म्हणाले. त्यांनी मामांना केंद्रावर सोडलं आणि चारच्या आत परत आले, कारण त्यांना ते लॅबमध्येच ऐकायचं होतं.

रेडिओ लावला. आधी कोणी एका साहेबाने जुन्या इमारतीविषयी बरंच काही सांगितलं, त्यात पायऱ्यांचा उल्लेख तीनदा आला. मग एक बाई जुन्या आठवणी सांगता सांगता थांबेचनात. मग क्षणभर काहीच नाही. मग मामा.

“सर्व श्रोत्यांना सस्नेह नमस्कार. या वास्तूतून सादर होणारी ही शेवटची सभा आता संपत आहे. आपण सारे असेच सोबत असा.”

प्रत्येक ‘स’ धुतलेल्या काचेसारखा. पॉलिशवाल्यांनी मास्क खाली घेतला, त्यांना मिशा आहेत हे भावजींना प्रथमच कळलं. वहिनी मेणाच्या खणात काहीतरी शोधू लागल्या. खणात मेणाशिवाय काही नव्हतं आणि त्यांना मेण नको होतं.

“वहिनी, सोमवारपासून नवा नियम,” थोड्या वेळाने भावजी म्हणाले. “ज्या कवळीची वर्षानुवर्षं एकही तक्रार नाही, ती गरम कप्प्यात. ठेवणीतली म्हणून. बिल थोडं चढेल.”

“चढू दे.”

“आणि वकीलसाहेब?”

“ते परत येतीलच. त्यांना बाहेर बाकड्यावर बसवा.”

संध्याकाळी सगळे वहिनींच्या घरी जेवायला होते. मामांना सभा संपल्यापासून फोन येत होते आणि मामा ते सगळे घेत होते, एकेकाशी पाच-पाच मिनिटं बोलत होते, गरज नसताना ‘सस्नेह’ म्हणत होते. भावजी नव्या कप्प्याला काय नाव द्यावं यावर पॉलिशवाल्यांशी वाद घालत होते. वहिनींनी सगळ्यांची ताटं वाढली आणि मामांच्या समोरच मुद्दाम बसल्या. आपल्या हातचं सगळ्यात चांगलं काम काम करताना पाहायचं होतं त्यांना.

मामांनी फोन बंद केला, शेजारच्या वाटीत पाणी ओतलं, कवळी काढून त्यात सोडली आणि भाताचा घास घेतला.

“मामा! टोचतेय का?”

“छे गं,” मामा म्हणाले. “बोलायला उत्तम आहे.”

“मग काढलीत का?”

“जेवायला कोण लावतं?” मामांनी दुसरा घास घेतला. हिरड्यांनी ते झकास जेवत होते, पोळीसुद्धा. “पहिल्या दिवशापाशून अशंच जेवतो मी. चव कळत नाही गं ती लावली की.”

आठ-नऊ वर्षं जिची एकही तक्रार आली नव्हती, त्या कवळीने आजवर एकही घास चावलेला नव्हता.